सात चलनं, सहा हजार रुपये आणि लोकअदालतीचा मेसेज: आता करायचं काय?

विचारणाऱ्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्कूटर पप्पांच्या नावावर, चालवतात हे स्वतः, पुण्यातच. मागच्या आठवड्यात एका चौकात अडवलं, मशीनमध्ये नंबर टाकला तर सात चलनं बाकी, मिळून सहा हजारांच्या घरात. तीन हेल्मेटची, एक सिग्नल तोडल्याचं, एक झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबवल्याचं, एक नो पार्किंगचं, आणि सातवं ट्रिपल सीटचं, तेही अशा जिल्ह्यातलं जिथे ही स्कूटर कधी गेलेलीच नाही. अडवणाऱ्यांनी सांगितलं सगळे आत्ता भर नाहीतर गाडी सोडणार नाही, दोन दिवसांत भरतो म्हणून हे कसेबसे सुटले. त्यात पप्पांच्या मोबाईलवर लोकअदालतीला हजर रहा असा मेसेज आलाय आणि घरात सगळ्यांना वॉरंटची भीती बसलीय.

मी पुण्यात सतरा वर्षं वकिली करते, मोटार वाहन कायद्याच्या केसेस आणि अपघाताचे दावे हेच मुख्य काम, त्यामुळे असे प्रश्न आठवड्याला दोन-चार तरी येतात आणि बहुतेक सगळे एकाच जागी अडकतात, ते म्हणजे एकूण रक्कम. सहा हजार हा आकडा बघितला की माणूस एकतर घाबरून सगळं भरून टाकतो नाहीतर चिडून काहीच भरत नाही. दोन्हीत नुकसान आहे. ही सात वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघू शकतं, म्हणून आधी ते सहा हजार डोक्यातून काढा.

मुळात ई-चलन म्हणजे काय हे बघा. चलन हा आरोप आहे. सोबत कायद्याने एक मुभा दिलीय की ठरलेली रक्कम भरली तर प्रकरण तिथेच मिटेल, कोर्टात जायची गरज नाही. याला तडजोड म्हणतात, मोटार वाहन कायद्याचं कलम २००. राज्य सरकार या तडजोडीच्या रकमा ठरवतं, आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये नव्याने ठरल्या, म्हणूनच टीव्हीवर ऐकलेला केंद्राच्या कायद्यातला दंड आणि तुमच्या चलनावरचा दंड कधीकधी जुळत नाही. उदाहरणार्थ हेल्मेटला कायद्यात हजार आहेत, आपल्याकडे तडजोडीत पाचशे.

आता यातली जी गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही ती सांगते. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २०० मध्ये असं घातलंय की तुम्ही पैसे भरून तडजोड केली तरी पुढच्या वेळी तोच गुन्हा झाला तर आधीचा भरलेला हा पहिला गुन्हा म्हणून मोजला जाणार. साध्या नियमभंगाला, म्हणजे कलम १७७ ला, पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १५०० आहेत, हा फरक तिथूनच येतो. शिवाय ट्रिपल सीट आणि हेल्मेट या दोन्हीत दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र करायची तरतूद आहे आणि पैसे भरले म्हणून त्या कारवाईतून आपोआप सुटका होत नाही. म्हणजे त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या चलनाचे हजार रुपये "जाऊदे कटकट नको" म्हणून भरलेत तर जो गुन्हा तुम्ही केलाच नाही तो तुमच्या खात्यावर पक्का बसतो. माझं सगळं सांगणं एवढ्यावरच उभं आहे, चूक तुमची असेल तर भरून टाका, नसेल तर रक्कम कितीही छोटी असो, भरू नका.

मग कुठलं चलन आपलं हे कसं कळणार? फोटो बघून. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साईटवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलनं दिसतात, प्रत्येकासोबत फोटो असतो. फोन आडवा धरून मोठा करून बघा. माझ्याकडे येणारे दहातले सात-आठ जण फोटो न बघताच आलेले असतात, फक्त मेसेज दाखवतात. फोटोत नंबर प्लेट आधी बघा, एकेक अक्षर वाचा, मग गाडीचं मॉडेल, रंग, मागची लाईट, सीट कव्हर, कुठे पोचा किंवा स्टिकर आहे का, मग वेळ आणि ठिकाण, आणि शेवटी कलम कुठलं लावलंय ते.

एका कॉलेजच्या मॅडमची केस सांगते. त्यांना रॉंग साईडचं चलन आलं होतं, त्या वेळेला त्या वर्गात शिकवत होत्या. फोटो मोठा केल्यावर दिसलं की गाडी त्याच कंपनीची, रंगही तोच, मधली अक्षरं तीच, चारही आकडे तेच, पण फोटोतली गाडी एमएच १४ आणि यांची एमएच १२. टाकणाऱ्याने सवयीने १२ टाकलं होतं. दोन फोटो शेजारी शेजारी लावून तक्रार केली, चलन रद्द झालं. वेळ लागला, जवळजवळ दीड महिना, पण झालं. अशा टायपिंगच्या चुकांसाठी वकील लावायची गरज नाही, साईटवर आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे. आरसीचा फोटो, आपल्या गाडीचा पुढून-मागून-बाजूने स्पष्ट फोटो आणि त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणजे ऑफिसची हजेरी, सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही, गाडी सर्व्हिसिंगला असेल तर गॅरेजचं बिल, जे असेल ते. सोसायटीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं म्हणून ते आधी मागून घ्या.

पण दादा, तुमच्या सातव्या चलनात फोटोतली प्लेट हुबेहूब तुमचीच असेल आणि गाडी दुसरी असेल तर मामला गंभीर आहे. म्हणजे कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. मग नुसती ऑनलाईन तक्रार पुरेशी नाही, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि ती पोच चलनाच्या तक्रारीला जोडा. मी यावर एवढा जोर देते कारण अपघात दाव्यांमध्ये मी हे बघितलंय, नंबरावरून पोलीस थेट नोंदणीकृत मालकाच्या दारात येतात, आणि "ती गाडी माझी नव्हती" हे आधीच्या तारखेच्या कागदावर असणं आणि अपघातानंतर तोंडी सांगणं यात खूप फरक पडतो. तुमच्याकडे हजार रुपयांच्या चलनामुळे ही गोष्ट आधी कळलीय तर तिचा उपयोग करून घ्या.

हेल्मेटची तीन चलनं. फोटोत तुम्हीच असाल आणि डोक्यावर हेल्मेट नसेल तर वाद घालण्यासारखं काही नाही, भरा. एकच बघा, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, कलम १२९ दोघांना लागू आहे, त्यामुळे तुम्ही घातलेलं असूनही मागच्याने घातलं नाही म्हणून चलन आलेलं असू शकतं, तेही बरोबरच आहे. गावात हेल्मेट कशाला, वेग तीस-चाळीसचा असतो, हे पुण्यात मी रोज ऐकते. अपघात न्यायाधिकरणात माझ्या हातात ज्या फायली आल्या त्यातल्या डोक्याच्या मारातल्या कितीतरी घरापासून दोन किलोमीटरच्या आतल्या, दूध आणायला, मुलाला क्लासला सोडायला निघालेल्या माणसांच्या. त्या घरातल्या बायकांना उत्पन्नाचे दाखले गोळा करायला लावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात जड काम आहे. तर तीन चलनं भरालच, पण कृपा करून हेल्मेट घाला.

सिग्नल आणि झेब्राचं परिस्थितीवर अवलंबून आहे. एकापेक्षा जास्त फोटो किंवा व्हिडिओ आहे का बघा. नुसती गाडी चौकात आणि वर लाल दिवा एवढ्या एका फोटोवरून तुम्ही पिवळ्यात शिरलात की लालमध्ये हे सांगता येत नाही. मागून ॲम्ब्युलन्स आली म्हणून पुढे सरकलात, हवालदारांनीच हाताने जा म्हणून सांगितलं, पट्टे पुसून गेलेत दिसतच नाहीत, असं काही असेल तर ते सांगण्यासारखं कारण आहे. गडबडीत होतो, सगळेच जात होते, हे कारण नाही. कलम जरूर बघा, कारण सिग्नल तोडणं २०१९ नंतर कलम १८४ मध्येही बसतं, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवणं, आणि त्याला कैदेचीही तरतूद आहे, दंड १००० ते ५०००. हातात मोबाईल धरून चालवणं आणि रॉंग साईड हेसुद्धा त्याच कलमात येतं. नो पार्किंगचं सोपं आहे, बोर्ड फोटोत असेल तर भरा, त्या जागी बोर्डच नसेल किंवा झाडाच्या फांदीत झाकलेला असेल तर आजच जाऊन तारखेसकट फोटो काढून ठेवा.

गाडी पप्पांच्या नावावर आहे त्याचं काय? नोटीस मालकाला येते, आणि गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर सांगायची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे मालकावर आहे. त्यामुळे पप्पांच्या नावावर आलेली हेल्मेटची चलनं तुम्ही चालवताना झाली असतील आणि लायसन्सपर्यंत गोष्ट गेली तर चालवणारे तुम्ही होतात हे स्पष्ट सांगा, पप्पांचं लायसन्स अडकवू नका. दुसरं म्हणजे आरसीला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते तपासा. कितीदा तिथे शोरूमवाल्याचा नाहीतर बंद पडलेला नंबर असतो आणि मग चलन आलंय हेच दोन वर्षं कळत नाही. अशीच गत गाडी विकलेल्यांची होते, विकून पैसे घेतले, आरसी नावावर तशीच, आणि नव्या मालकाची चलनं जुन्याच्या फोनवर. कायद्याच्या नजरेत ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये हे अपघाताच्या केसमध्ये स्पष्ट केलंय, म्हणून ट्रान्सफर झाल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. आणि घरात अठराच्या आतलं कोणी स्कूटर घेऊन क्लासला जात असेल तर आजच थांबवा, तिथे पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

आता चौकातला प्रसंग. तडजोड हा शब्दच सांगतो की त्यात तुमची संमती लागते. जुनी चलनं आत्ताच्या आत्ता सगळी भरलीच पाहिजेत, नाहीतर गाडी जाणार नाही, याला मला आधार दिसत नाही. गाडी ताब्यात कधी घेता येते ते कलम २०७ मध्ये दिलंय, लायसन्स नसताना किंवा वय कमी असताना चालवणं, नोंदणी नसणं, परमिटशिवाय चालवणं अशी कारणं आहेत, चलन थकलंय हे त्यात नाही. चावी काढून घ्यायचा अधिकारही कायद्यात कुठे लिहिलेला नाही. स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नका असे आदेश राज्याच्या वाहतूक पोलिसांना २०२५ मध्ये वरिष्ठांकडूनच गेलेत.

हे सगळं माहीत असावं, पण चौकात उभं राहून कलमं ऐकवू नका. उन्हात, धुरात आठ तास उभ्या असलेल्या माणसाशी तुम्ही कसं बोलता यावर पुढची दहा मिनिटं ठरतात. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढून बोला. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात, झेरॉक्स नाही चालत. आणि शांतपणे सांगा, "साहेब आजचं जे असेल ते चलन करा, जुन्यांपैकी एक माझ्या गाडीचं नाही, त्याची तक्रार केलीय, बाकीची मी ऑनलाईन भरतो." तक्रारीचा नंबर दाखवला की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. पैसे दिले तर मशीनची पावती घ्या, पावती नसेल तर पैसे नाही. वाटलं अन्याय होतोय तर बक्कल नंबर, वेळ, चौक लक्षात ठेवून नंतर लेखी तक्रार करा. अंगाला हात लावणं, कॉलर, ढकलाढकली यातलं काही झालं की तुमचं पाचशेचं प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये जातं, सरकारी कामात बळाचा वापर, आणि तिथून पुढे नोकरी, पासपोर्ट सगळीकडे ते आडवं येतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या अशा केसेस मी चालवल्यात, सुरुवात दर वेळी एखाद्या साध्या पावतीवरून.

लोकअदालत आणि वॉरंट. लोकअदालतीचा मेसेज म्हणजे समन्स नाही. ते मिटवायचं आमंत्रण आहे, गेला नाहीत तर शिक्षा नाही, प्रकरण होतं तिथेच राहतं. वॉरंटचा विषय तेव्हा येतो जेव्हा कोर्टाचं समन्स आलंय, तारीख दिलीय आणि तुम्ही गेलाच नाहीत, आणि तेव्हाही आधी साधारण जामीनपात्र वॉरंट निघतं, म्हणजे जामीन दिला की लगेच सुटता येतं. त्यामुळे पप्पांना सांगा, शांत झोपा. पण कोर्टाचा केस नंबर आणि तारीख असलेला कागद आला, किंवा व्हर्च्युअल कोर्टाचा मेसेज आला, तर मात्र बाजूला ठेवू नका. व्हर्च्युअल कोर्टात घरबसल्या दंड मान्य करून भरता येतो किंवा मला हे मान्य नाही असा पर्याय निवडता येतो, मग प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं.

लोकअदालतीत जावं का? जी चलनं तुमची आहेत ती तिथे मिटवायला हरकत नाही, कोर्ट फी नाही, एका दिवसात होतं. सवलत मिळेल का, किती, हे त्या त्या वेळच्या निर्णयावर असतं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पन्नास टक्के माफीच्या पोस्टवर विसंबून सहा-सहा महिने थांबू नका, तोवर त्याच प्रकारचं दुसरं चलन लागलं तर वाचलेले पैसे तिकडे जातात आणि दरम्यान गाडीची ट्रान्सफर, एनओसी असली आरटीओची कामं अडकू शकतात. आणि लक्षात ठेवा, लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून ते सातवं चलन तिथे नेऊन "थोडं कमी करा साहेब" म्हणू नका, कमी करून घेणं म्हणजे मान्य करणं.

ज्यांना खरंच लढायचंय त्यांच्यासाठी मुदतींचं थोडं सांगते. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असं केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १६७-ए म्हणतो, तो २०२१ चा. अतिवेग आणि धोकादायक चालवणं, म्हणजे कलम १८३ आणि १८४, यात जागेवर ताकीद दिलेली नसेल तर १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स पाहिजे, नाहीतर शिक्षा करता येत नाही असं कलम २०९ आहे, अर्थात नाव-पत्ताच मिळत नव्हता अशा कारणांना त्यात सूट आहे. आणि ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची, वर्षापर्यंत कैद असेल तर एका वर्षात, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम ५१४, आधी जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, ४६८ होतं. मात्र याचा अर्थ सहा महिने झाले की चलन साईटवरून गायब होतं असा नाही. हा बचाव कोर्टात मांडावा लागतो, उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे. पाचशेच्या, खऱ्याखुऱ्या चुकीच्या चलनासाठी हे करत बसू नये असं माझं मत, पण ट्रकवाले-टॅक्सीवाले ज्यांच्यावर तीस-चाळीस जुनी चलनं साचलीत, त्यांनी तारखा लावून यादी नक्की करावी.

एक सावधगिरी. चलन भरायला म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल येते, ती उघडू नका, बँक खातं साफ होतं. खऱ्या साईटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असतं, आणि मेसेजमधल्या लिंकवरून जाण्यापेक्षा पत्ता स्वतः टाईप करून जावं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज सातही फोटो उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. सातव्याची तक्रार आधी टाका, नंबर जपून ठेवा. हेल्मेटची तीन, फोटोत तुमचीच गाडी आणि चूक असेल तर, लगेच भरा, पावत्या पप्पांच्या फोनवर घ्या. सिग्नल, झेब्रा आणि पार्किंगचे फोटो बघून ठरवा. तक्रारीला महिन्याभरात उत्तर नाही आलं तर येरवड्याच्या वाहतूक शाखेत कागद घेऊन प्रत्यक्ष जा, सकाळी लवकर गेलात तर बोलायला वेळ मिळतो. आणि त्या ट्रिपल सीटच्या फोटोतली प्लेट तुमच्याशी पूर्ण जुळते का, की एखादं अक्षर वेगळं आहे, ते बघून इथेच खाली लिहा, गाडीचा नंबर टाकू नका, नुसतं जुळते की नाही एवढंच, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या अर्जात नेमकं काय लिहायचं ते सांगते.